हेडफोनमधला चुंबक कशासाठी?

बारावीच्या प्रात्यक्षिकांत सोनोमीटरचा एक प्रयोग असतो. घरात येणाऱ्या विजेची वारंवारता मोजायची असते. पोलादी तार ताणून बसवायची, तिच्या मध्याजवळ एक विद्युतचुंबक धरायचा, त्याला ट्रान्सफॉर्मरमधून सहा-आठ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह द्यायचा आणि तारेवरचा कागदी रायडर उडून पडेपर्यंत ब्रिज सरकवत राहायचे. तारेची वारंवारता १०० हर्ट्झच्या आसपास येते. विजेची मात्र ५० असते. दर वर्षी वर्गातली दोन-चार मुले उत्तर निम्मे करायला विसरतात, आणि परीक्षकही त्यावर हमखास बोट ठेवतात.

याच प्रयोगाचे दुसरे रूप काही महाविद्यालयांत करतात. तार पितळेची असते, प्रवाह तारेतूनच सोडतात आणि ती नालाकृती चुंबकाच्या दोन ध्रुवांमधून नेलेली असते. इथे तार ५० हर्ट्झनेच कंप पावते, निम्मे करावे लागत नाही. आम्ही विद्यार्थी असताना दोन्ही प्रयोग केले, वह्या तपासून घेतल्या आणि विसरून गेलो. त्यांची आठवण पुढे फार वर्षांनी झाली ती एका शिक्षक शिबिरात. एका शिक्षिकाबाईंनी विचारले, “मुलगा कानाला हेडफोन लावून बसतो. आवाज वाढवला की फाटतो म्हणतो. तो नेमका कुठे फाटतो?” ओघात दुसराही प्रश्न आला, की हेडफोन उघडला तर आत चुंबक सापडतो, तो कशासाठी? आम्ही सवयीने सांगितले की आवाज मोठा व्हावा म्हणून. उत्तर खोटे नव्हते, पण अर्धेच होते. उरलेले अर्धे शोधताना सोनोमीटरच्या त्या दोन तारांशी पुन्हा गाठ पडली.

आधी ‘फाटणे’ म्हणजे काय ते ठरवून घेऊ. एखाद्या हेडफोनमध्ये तबल्याचा डग्गा दबलेला ऐकू येतो आणि चाट तेवढी टणटणीत येते. हा दोष आहेच, पण मूळ आवाजात नव्हते असे काही त्यात शिरलेले नसते, होते तेच कमीजास्त झालेले असते. फाटलेल्या आवाजाचे तसे नाही. त्यात मूळ गाण्यात नसलेले सूर नव्याने जन्माला येतात. एक शुद्ध सूर आत घातला तर त्याच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतेचे सूर बरोबर निघतात. दोन सूर घातले तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचेही निघतात. या दुसऱ्या प्रकारच्या विरूपणाचीच ही हकिकत आहे.

तिची सुरुवात एका शाळामास्तरापासून होते. जर्मनीत फ्रँकफुर्टजवळच्या फ्रीड्रिक्सडोर्फ गावी फिलिप राइस हे शिक्षक होते. कान कसा ऐकतो हे मुलांना दाखवण्यासाठी त्यांनी लाकडाचा कान कोरला, त्यावर पातळ पडदा ताणला आणि पडद्याला विजेचा एक संपर्कबिंदू जोडला. पडदा हलला की मंडल जुळायचे आणि तुटायचे. दुसऱ्या टोकाला विणकामाच्या सुईभोवती तारेचे वेटोळे होते आणि ती सुई लाकडी पेटीवर बसवलेली होती. प्रवाह सुरू-बंद झाला की सुईची लांबी किंचित बदलायची आणि पेटी तोच सूर काढायची. २६ ऑक्टोबर १८६१ रोजी फ्रँकफुर्टच्या विद्वत्सभेत राइसनी हे यंत्र दाखवले. गाण्याची चाल पलीकडे ओळखू येई. बोलणे मात्र क्वचितच समजे.

याचे कारण आज आपल्याला सहज सांगता येते. राइसच्या यंत्रात प्रवाह एक तर पूर्ण असे किंवा मुळीच नसे. सेकंदाला किती वेळा, ही माहिती पलीकडे पोचत होती, म्हणून सुराची उंची टिकली. पण लहर कशी चढते, कशी उतरते, तिच्या पाठीवर कोणत्या बारीक लहरी आहेत, हे सारे कापले जात होते. ‘आ’ आणि ‘ई’ यांतला फरक नेमका त्या बारीक लहरींत असतो. हेल्महोल्ट्झ यांचा ध्वनिसंवेदनांवरचा ग्रंथ, ज्यात हे विस्ताराने मांडले आहे, तो १८६३ साली म्हणजे राइसच्या प्रयोगानंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाला. राइस १८७४ मध्ये चाळिसाव्या वर्षी वारले. दूरध्वनीच्या इतिहासात त्यांचे नाव बहुधा तळटिपेत येते. शिक्षकांनी तरी ते तिथून वर काढावे असे आम्हाला वाटते.

प्रवाह तोडायचा नाही, आवाजाबरोबर तो चढता-उतरता ठेवायचा, ही कल्पना अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी आपल्या ७ मार्च १८७६ च्या पेटंटात मांडली. तीनच दिवसांनी, १० मार्चला, बॉस्टनमधल्या राहत्या जागेत शेजारच्या खोलीतल्या वॉटसनला त्यांचे शब्द तारेतून ऐकू आले. त्याच वर्षी जूनमध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ब्राझीलचे सम्राट पेद्रो दुसरे आणि विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी हे यंत्र कानाला लावून पाहिले. ऐकण्याच्या बाजूला विद्युतचुंबक आणि त्यासमोर लोखंडाची पातळ चकती. आवाजाबरोबर प्रवाह बदलतो, चकतीवरची ओढ बदलते, चकती हलते. वर्गात आपण एवढेच सांगतो.

पण इथेच सोनोमीटरची पोलादी तार आडवी येते. विद्युतचुंबक लोखंडाला ओढतो, ढकलत नाही. प्रवाहाची दिशा उलटी केली तरी ओढच. शिवाय ही ओढ चुंबकीय क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असते. क्षेत्र आधी चकतीतल्या लोखंडाला चुंबक बनवते आणि मग त्या चुंबकाला ओढते, असे दोनदा ते हिशेबात येते. निव्वळ विद्युतचुंबकाला प्रत्यावर्ती प्रवाह दिला तर एका आवर्तनात चकती दोनदा ओढली जाईल. आपण मध्य सप्तकातला ‘सा’ धाडला तर पलीकडे तार सप्तकातला ‘सा’ वाजेल. २०० आणि ३०० हर्ट्झचे दोन सूर एकत्र धाडले तर पलीकडे ४०० आणि ६०० निघतील, बेरजेचा ५०० निघेल, वजाबाकीचा १०० निघेल, आणि मूळचे २०० व ३०० मात्र कुठेच नसतील! असल्या यंत्रातून बोलणे कसे समजावे?

बेलच्या यंत्रातून ते समजले, कारण त्यांच्या मंडलात बॅटरी होती. बॅटरीचा स्थिर प्रवाह सतत वाहत होता आणि आवाज त्यात फक्त लहानसा चढउतार करत होता. चकती कायम ओढलेलीच होती. कधी थोडी जास्त, कधी थोडी कमी. ३० जानेवारी १८७७ रोजी मिळालेल्या दुसऱ्या पेटंटात बेलनी बॅटरीऐवजी कायम चुंबक घातला आणि यंत्र बॅटरीशिवाय चालू लागले. हाच तो हेडफोनमधला चुंबक.

त्याचे काम आकड्यांत मांडले तर मुलांना लगेच कळते. समजा आवाजाच्या प्रवाहाने निर्माण होणारे क्षेत्र एक एकक आहे. कायम चुंबक नसेल तर प्रवाह एका दिशेने असताना ओढ एकाचा वर्ग, म्हणजे १. उलट दिशेने असतानाही १. आणि मध्ये शून्य. आता दहा एककांचा कायम चुंबक आणा. आवाज नसताना ओढ १००. प्रवाह चुंबकाच्या बाजूने असेल तेव्हा अकराचा वर्ग, १२१. विरुद्ध असेल तेव्हा नवाचा वर्ग, ८१. म्हणजे एकदा २१ ने वाढ आणि एकदा १९ ने घट. ज्या आवाजाने १ एवढाच फरक पडत होता त्याने आता सुमारे २० चा पडतो, हे आमचे शिबिरातले अर्धे उत्तर. आणि वाढ व घट जवळपास सारखी झाल्याने मूळ सूर मूळच्याच उंचीवर राहतो, हे उरलेले अर्धे. ‘जवळपास’ हा शब्द मात्र विसरायचा नाही. २१ आणि १९ यांतल्या फरकामुळे दुप्पट वारंवारतेचा एक क्षीण सूर शिल्लक राहतोच. हिशेब केला तर तो मूळ सुराच्या अडीच टक्के भरतो.

आता आवाज वाढवा. आवाजाचे क्षेत्र एकाऐवजी पाच करा. पंधराचा वर्ग २२५, पाचाचा वर्ग २५. वाढ १२५, घट ७५. दुप्पट वारंवारतेचा सूर आता साडेबारा टक्के झाला. आवाज पाचपट, आणि त्यातल्या भेसळीचे प्रमाणही पाचपट. मोठ्या आवाजाला हेडफोन फाटतो याचे हे पहिले कारण, निदान लोखंडी चकतीच्या जुन्या हेडफोनपुरते.

सोनोमीटरवर हे दाखवता येते. पोलादी तार १०० हर्ट्झला जुळली की ब्रिजमधले अंतर दुप्पट करा, विद्युतचुंबक आणि रायडर पुन्हा मध्यावर आणा. या लांबीला तारेची मूळ वारंवारता ५० असते. रायडर हलत नाही, कारण ५० ची ओढच तिथे नसते आणि १०० च्या कंपनात तारेचा मध्य स्थिर असतो. आता विद्युतचुंबकाच्या गाभ्याच्या वरच्या टोकाशी एक जोरदार पट्टीचुंबक टेकवा. तार पूर्ण लांबीने कंप पावू लागते आणि रायडर उडतो. (तारच आधीपासून चुंबकित झालेली असेल तर पट्टीचुंबकाशिवायही थोडे कंपन दिसेल. त्या तारेवर चिडू नये, तीही नियमानेच वागते आहे.)

हा वर्गाचा हिशेब दूरध्वनीला लावून दाखवणारे ऑलिव्हर हेव्हिसाइड हे एक विक्षिप्त गृहस्थ होते. लहानपणी लालज्वराने त्यांचे कान अधू झाले होते. चोविसाव्या वर्षी तारखात्यातल्या कंपनीची नोकरी सोडून ते घरी बसले ते कायमचे. १८८७ साली ‘इलेक्ट्रिशियन’ या लंडनच्या साप्ताहिकात त्यांनी दूरध्वनीच्या उपपत्तीवर लिहिले. कायम चुंबक नसता तर दूरध्वनी का चालला नसता, हे त्यात आहे. याच सुमारास, लांबच्या तारेतून जाताना लहरीचा आकार का बिघडतो आणि तो बिघडू नये म्हणून तारेचे कोणते गुणधर्म कोणत्या प्रमाणात हवेत, हेही त्यांनी काढले. त्याचा व्यवहारात उपयोग व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. ज्याला स्वतःला नीट ऐकू येत नव्हते त्याने इतरांना नीट ऐकू येण्याची अट शोधली, हे आम्हाला नेहमी विलक्षण वाटते.

तो २१ आणि १९ मधला फरक मिटवता येईल का? येतो, आणि त्यासाठी आठवीचे बीजगणित पुरते. लोखंडाचा तुकडा एकाच बाजूने ओढण्याऐवजी दोन चुंबकांच्या मध्ये ठेवायचा. आवाजाचा प्रवाह एका बाजूचे क्षेत्र वाढवील तेव्हाच दुसऱ्या बाजूचे कमी करील अशी वेटोळ्यांची रचना करायची. एका बाजूने १२१, दुसरीकडून ८१, वजाबाकी ४०. प्रवाह उलटला की उणे ४०. पाच एककांचा आवाज असेल तर २२५ वजा २५ म्हणजे २००, चाळिसाच्या बरोब्बर पाचपट! ‘अ अधिक ब’ चा वर्ग वजा ‘अ उणे ब’ चा वर्ग बरोबर चार अब. वर्ग नाहीसे झाले, सरळ प्रमाण उरले. फळ्यावर हे सूत्र लिहिताना त्याचा काही उपयोग असतो का, असे मुले विचारतात. त्यांना हे उदाहरण जरूर द्यावे.

अशा संतुलित रचनेचे हेडफोन गाजले ते अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या नॅथॅनियल बाल्डविन यांच्यामुळे. १९१० च्या सुमारास त्यांनी स्वयंपाकघरात बसून ते बनवले आणि जोडी अमेरिकी नौदलाकडे तपासायला पाठवली. बिनतारी संदेश ऐकण्यासाठी नौदलाकडे तेव्हा असलेल्या श्रवणयंत्रांपेक्षा ती कितीतरी सरस ठरली. नौदलाने अधिक मागणी केली तेव्हा बाल्डविननी कळवले की एका वेळी दहाच करून देता येतील, काम स्वयंपाकघरात चालते. नौदलाला हवी होती ती संवेदनशीलता. आवाज शुद्ध येतो हा वरचा लाभ. कान-यंत्रांत, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यांच्या श्रवणयंत्रांत, आजही हीच रचना तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या डबीत बसवलेली असते.

पितळी तारेचा मार्ग वेगळाच. प्रवाह वाहणारी तार चुंबकीय क्षेत्रात ठेवली तर तिच्यावरचे बल प्रवाहाच्या सरळ प्रमाणात असते आणि प्रवाह उलटला की बलही उलटते. वर्गाचा प्रश्नच नाही. वेटोळे हलते ठेवायचे आणि चुंबक स्थिर, ही कल्पना वेर्नर फॉन सीमेन्स यांच्या १८७४ च्या पेटंटात आहे, म्हणजे बेलच्याही आधीची! तरी ती हेडफोनमध्ये यायला साठ वर्षे लागली, कारण हलक्या वेटोळ्याने पुरेसा आवाज निघायला जोरदार चुंबक आणि वर्धक दोन्ही लागतात. स्फटिकाच्या रेडिओवर, जिथे आकाशातून येईल तेवढीच ऊर्जा, तिथे लोखंडी चकतीलाच पर्याय नव्हता. व्हॉल्व्हचे वर्धक आल्यावर १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी हलत्या वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक सिद्ध केला (हे अमेरिकेतले राइस, आपल्या मास्तरांशी संबंध नाही) आणि १९३७ मध्ये बर्लिनच्या ऑयगेन बायर यांचा तशा रचनेचा हेडफोन बाजारात आला. पुढे चुंबक सुधारत गेले. १९७९ मध्ये वॉकमन आला, १९८० च्या दशकात निओडिमियमचे चुंबक आले, आणि आज मुलांच्या कानात जे असते ते बहुधा हेच हलते वेटोळे.

मग तरीही आवाज फाटतो का? नियम सरळ असला तरी वस्तू मर्यादित असते. वेटोळे फार पुढेमागे गेले की चुंबकाच्या फटीतून अर्धवट बाहेर पडते आणि तिथे क्षेत्र कमी असते. पडद्याची कडा एका हद्दीपर्यंतच लवचीक असते, पुढे ताठरते. दोन्हींचा परिणाम एकच, की लहरीची शिखरे बोथट होतात. दुसरी जागा वर्धकाची. बॅटरी देते त्याहून जास्त व्होल्ट तो देऊ शकत नाही, म्हणून शिखरे सपाट कापली जातात. पूर्ण कापली तर उरते ते राइस मास्तरांचे सुरू-बंद. वर्धकातले विरूपण कमी करण्याचा उपाय हॅरोल्ड ब्लॅक यांना २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना हडसन नदीतल्या फेरीबोटीवर सुचला आणि हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यांनी तो टिपून ठेवला. वर्धकातून निघालेल्या आवाजाचा काही भाग उलटा करून परत आत घालायचा, असा तो उपाय. पण शिखर कापले जाऊ लागले की तोही निरुपयोगी.

शिबिरातल्या बाईंना आम्ही म्हणून एक साधी चाचणी सांगितली. आवाज कमी केल्यावर फाटणे थांबत असेल तर हेडफोन किंवा वर्धक त्याच्या हद्दीबाहेर चालवला जातो आहे. अगदी हळू आवाजातही खरखर राहिली तर वेटोळे कुठेतरी घासते आहे किंवा पडद्यावर केस वा कचरा आहे. आणि तेच गाणे दुसऱ्या चांगल्या हेडफोनवरही हळू आवाजात फाटत असेल तर ते ध्वनिमुद्रणातच फाटलेले आहे.

इथे थांबता आले असते, पण एक श्रवणयंत्र राहून गेले. आपला कान. इटालियन व्हायोलिनवादक तार्तिनी यांना अठराव्या शतकातच ध्यानात आले होते की दोन स्वर जोरात एकत्र वाजवले तर कुणी न वाजवलेला तिसरा ऐकू येतो. हेल्महोल्ट्झनी याचा दोष कानाच्या पडद्याच्या असमान चालीला दिला. नंतर कळले की मुख्य जागा आणखी आत, अंतर्कर्णाच्या शंखात आहे. तिथल्या केसपेशी नुसत्या ऐकत नाहीत, स्वतः आकुंचन-प्रसरण पावून क्षीण आवाज वाढवतात, आणि हे काम त्या सरळ प्रमाणात करत नाहीत. १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी लंडनमध्ये दाखवले की निरोगी कानातून आवाज बाहेरही येतो. कानात २००० आणि २४०० हर्ट्झचे दोन सूर घातले तर कानाने स्वतः केलेला १६०० हर्ट्झचा सूर, म्हणजे पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा केलेला, मायक्रोफोनने टिपता येतो. केसपेशी निकामी असतील तर तो येत नाही.

यावरून दोन दिवसांच्या तान्ह्या बाळाचीही श्रवणचाचणी करतात, आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही. बाळाला काही सांगावे लागत नाही, त्याने झोपून राहिले तर उत्तमच. अडचण एकच. कानाचा तो सूर घातलेल्या सुरांपेक्षा शेकडो पटींनी क्षीण असतो. दोन्ही सूर एकाच छोट्या हेडफोनमधून दिले तर हेडफोनच्या विरूपणातून नेमका १६०० चाच सूर निघेल, आणि बहिऱ्या बाळाचा कान निरोगी ठरेल. म्हणून कानात घालायच्या त्या बोटाएवढ्या नळीत दोन वेगळे ध्वनिक्षेपक असतात, प्रत्येकाला एकच सूर, आणि दोन्ही सूर भेटतात ते कानातल्या हवेत. तपासणीपूर्वी नळीचे टोक कानाऐवजी प्लास्टिकच्या एका छोट्या रिकाम्या पोकळीत घालून पाहतात. त्या पोकळीतून १६०० चा सूर आला तर बाळाची तपासणी पुढे ढकलतात आणि यंत्र दुरुस्तीला जाते.